दारातल्या उजेडात माणसाचा फोटो कसा काढावा : खेड्यात नव्यानं शिकणाऱ्यांसाठी

माझी आजी गेली तेव्हा तेरवीला ठेवायला घरात तिचा एकही धड फोटो नव्हता. शोधाशोध केली तेव्हा निराधार योजनेच्या अर्जासाठी काढलेला एक पासपोर्ट साईज फोटो सापडला. तोच मोठा करून आणला. साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचा कागद दीड फुटाला ताणल्यावर जे व्हायचं तेच झालं. चेहरा पिठासारखा भुरकट दिसत होता, कपाळावरचं गोंदण पुसून गेलं होतं आणि मागे कुठलासा निळा रंग भरला होता. शिवाय न विचारता चेहरा गोरा करून दिला होता. आजी सावळी होती. माझी धाकटी बहीण फ्रेमकडे पाहून म्हणाली, "हे आपली आजी नाही वाटून रायली."

तेव्हापासून मी यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात आणि आसपासच्या खेड्यांत म्हाताऱ्या माणसांचे फोटो काढतो. फ्लॅश वापरत नाही आणि स्टुडिओचे दिवे माझ्याकडे नाहीत. पहिली दोन वर्षं निम्म्याहून जास्त फोटो वाया गेले. शिकायला म्हणून जे व्हिडिओ पाहिले, त्यांत थंड देशांतल्या भिंतभर काचेच्या खिडक्या होत्या. आपल्या घरांना तशा खिडक्या नसतात आणि आपलं ऊनही तसं नसतं. विदर्भातल्या घरात, आपल्या उन्हात काय चालतं हे मला चुकत चुकत कळलं. तुमची दोन वर्षं वाचावीत म्हणून ते क्रमानं लिहितो.

१. पिशवीत काय हवं

खर्च जवळजवळ नाहीच. बहुतेक सगळं घरात सापडतं.

• मोबाइल किंवा कॅमेरा. मागचा कॅमेरा १२ मेगापिक्सेलचा असला तरी भिंतीवर लावण्याजोगा फोटो निघतो. त्यासाठी कर्ज काढून कॅमेरा घेऊ नका.
• पांढरी चादर किंवा धोतर. धुतलेलं हवं, पण नीळ घातलेलं नको. निळीचा रंग उजेडात उतरतो आणि गाल आजारी दिसतात.
• काळी घोंगडी किंवा कुठलीही गडद, बिनचमकीची चादर.
• थर्माकोलचा तक्ता. तो नसेल तर खताचं पांढरं पोतं धुऊन, उलटं करून एखाद्या पुठ्ठ्यावर ताणून बांधा. मी तीन वर्षं तेच वापरतोय.
• लेन्स पुसायला जुन्या सुती लुगड्याचा मऊ तुकडा.
• लाकडी स्टूल किंवा पाट. लाल-निळी प्लास्टिकची खुर्ची टाळा, तिचा रंग हनुवटीखाली चढतो.
• तोंड पुसायला दुपट्टा, एक कंगवा आणि प्यायचं पाणी.
• वही आणि पेन.

कागदपत्रं म्हणाल तर एकच. फोटो घराबाहेर कुठे छापणार किंवा मोबाइलवरून लोकांना दाखवणार असाल, तर वहीच्या पानावर दोन ओळी लिहून घ्या : फोटो कशासाठी, कुठे दाखवणार, नाव, गाव, तारीख आणि सही किंवा अंगठा. लिहिलेलं आधी वाचून दाखवा. लहान मुलांच्या बाबतीत आईवडिलांची परवानगी घ्या. "घरातच ठेवजो बापू" असं कोणी म्हणालं तर तो फोटो घरातच राहिला पाहिजे.

२. आधी मुठीवर उजेड वाचा

कॅमेरा हातात घेण्याआधी आठवडाभर हे करा. मूठ वळून चेहऱ्याच्या उंचीवर धरा आणि अंगणातून ओसरीत, ओसरीतून माजघरात चालत जा. बोटांचे उंचवटे म्हणजे नाक आणि गालाची हाडं समजा, मधल्या खाचा म्हणजे डोळ्यांच्या खोबण्या.

अंगणात उन्हात उभे राहाल तेव्हा मुठीवर सुरीनं कापल्यासारखी सावली पडेल. एक बाजू पांढरीफटक आणि दुसरी काळी. एक पाऊल मागे ओसरीच्या छपराखाली या. ऊन तुटलं, पण समोर मोकळं आकाश आहे. आता सावली आहे, मात्र तिची कड विरघळलेली आहे. चेहऱ्याला हा उजेड हवा.

असं का होतं ते एकदा समजून घेतलं की पुढचं सगळं सोपं जातं. उजेड ज्या जागेतून येतो ती जागा चेहऱ्याच्या मानानं जितकी मोठी, तितका उजेड मऊ. सूर्य प्रत्यक्षात अफाट मोठा असला तरी आपल्यापासून इतका लांब आहे, की हात लांब करून धरलेल्या हरभऱ्याच्या दाण्याएवढाच तो आभाळात भरतो. म्हणून त्याची सावली टोकदार पडते. मोकळं आकाश मात्र डोक्यावर पसरलेलं छप्पर आहे. ढग आले की तो हरभऱ्याएवढा दिवा आभाळभर पसरतो. दार उघडलं की साडेसहा फुटांचा उजेडाचा तुकडा घरात येतो, आणि चेहऱ्यासाठी तेवढा भरपूर झाला.

३. वेळ आणि ऋतू पाहा

इथे विदर्भाचं वेगळेपण फार आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपण साधारण २१ उत्तर अक्षांशाच्या आसपास राहतो. म्हणजे कर्कवृत्ताच्या दक्षिणेला. त्यामुळे वर्षातून दोनदा सूर्य अगदी डोक्यावर येतो. नागपूरकडे मेच्या शेवटच्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या मध्याला भर दुपारी उभ्या काठीची सावली पडत नाही. त्या दिवसांत दुपारी अंगणात माणूस उभा केला तर भुवयांच्या खाली दोन काळे खड्डे दिसतात, नाकाची सावली ओठावर येते आणि डोळे दिसतच नाहीत. मेमध्ये नागपूरकडे साडेपाचच्या सुमारास उजाडतं आणि साडेसातला ऊन कडक झालेलं असतं. म्हणून उन्हाळ्यात अंगणातला फोटो काढायचा तर सहा ते सात. संध्याकाळी सूर्य मावळायच्या आधीचा पाऊण तास मिळतो, पण तेव्हा भिंती आणि टिना दिवसभराची धग सोडत असतात. म्हाताऱ्या माणसाला त्या वेळी बाहेर बसवू नका.

डिसेंबर-जानेवारीत चित्र उलटं असतं. सूर्य उशिरा, पावणेसातच्या आसपास उगवतो आणि भर दुपारीही क्षितिजापासून साधारण ४५ अंशांपर्यंतच चढतो. त्यामुळे हिवाळ्यात सकाळी साडेआठ-नऊपर्यंत आणि दुपारी चारनंतर बाहेर छान काम होतं. तेव्हा घरोघरी कापूसही आलेला असतो, त्याचा उपयोग पुढे सांगतो.

माझा सगळ्यात आवडता काळ श्रावण-भादव्याचा. आभाळ भरलेलं असतं पण पाऊस थांबलेला असतो, हवेत धूळ नसते आणि दिवसभर कुठेही बसवलं तरी चेहरा मऊ येतो. फक्त एक करा : ढगाळ उजेड वरूनच उतरतो, त्यामुळे डोळ्यांखाली थोडी सावली धरतेच. माणसाला अंगणाच्या मध्यभागी न बसवता ओसरीच्या कडेला बसवा. छपरानं वरचा उजेड तुटतो आणि समोरून येणारा राहतो.

वेळा मिनिटावर धरू नका. बुलढाण्याकडे गडचिरोलीपेक्षा सूर्य साधारण पाव तास उशिरा उगवतो. सावली मोजण्याची सोपी खूण सांगतो : तुमची सावली तुमच्या उंचीहून आखूड असेल तर अंगणात काढूच नका, घरात या.

४. दार निवडा

ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन ही बाई मूळची कलकत्त्यात जन्मलेली. १८६३ मध्ये, वयाच्या ४८ व्या वर्षी, तिला मुलीनं कॅमेरा भेट दिला. इंग्लंडमधल्या तिच्या घरामागे कोंबड्यांचं काचा लावलेलं खुराडं होतं. कोंबड्या हलवून तिनं तिथेच माणसं बसवायला सुरुवात केली. तिनं काढलेले चेहरे आजही जगभर पाहिले जातात. एका बाजूनं उजेड येणारी आणि बाकी अंधारी जागा एवढंच तिला लागत होतं. तशी जागा आपल्या प्रत्येक घरात आहे, ती म्हणजे पुढचं दार.

कुठलं दार कधी वापरायचं याचा नियम साधा आहे. ज्या दारातून ऊन आत येतंय ते त्या वेळी सोडा. ज्या दारातून ऊन न येता नुसता उजेड येतोय ते घ्या. पूर्वाभिमुख घर असेल तर दुपारनंतर, पश्चिमाभिमुख असेल तर सकाळी. पुस्तकांत "उत्तरेची खिडकी सगळ्यात उत्तम" असं लिहिलेलं असतं, कारण युरोपात भर दुपारचा सूर्य कायम दक्षिणेला असतो. आपल्याकडे जूनमध्ये सूर्य पूर्वेच्या बराच उत्तरेला, साधारण २५ अंश सरकून उगवतो आणि तसाच वायव्येकडे मावळतो. त्या दिवसांत उत्तरेच्या दारातही सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन शिरतं. हे मला माहीत नव्हतं, त्यात माझी एक अख्खी सकाळ फुकट गेली. हिवाळ्यात मात्र उत्तरेचं दार दिवसभर भरवशाचं असतं.

खिडकी का नाही म्हणत? कारण फेब्रुवारी संपला की आपल्याकडे बहुतेक खिडकीत कूलर बसतो, तो पाऊस लागेपर्यंत निघत नाही. शिवाय जुन्या मातीच्या घरांच्या खिडक्या हातभर रुंद भिंतीत खोल असतात, त्यातून उजेडाची नळीच येते. कूलर नसलेली मोठी खिडकी असेल तर जरूर वापरा. ती बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीवर किंवा थोडी वर हवी.

आता बसवायचं कसं. स्टूल दारापासून तीन-चार फूट आत ठेवा. मागचं दार बंद करा. घरातला बल्ब किंवा ट्यूब बंद करा. बल्ब पिवळा, आकाशाचा उजेड निळसर. दोन्ही एकत्र आले की अर्धा चेहरा हळदीचा आणि अर्धा निळीचा होतो, आणि ते नंतर सुधारत नाही. तुम्ही स्वतः दाराच्या चौकटीला खांदा लावून उभे राहा. दार अडवू नका.

एकदा काय झालं ते सांगतो, म्हणजे वळवायचं कसं ते नीट दिसेल. शेजारच्या गावात एका आजीकडे गेलो होतो. त्या म्हणाल्या, "आता कायले काढतं बापू माहा फोटो? गोवऱ्या गेल्या मसनात माह्या." सून म्हणाली, "काढू द्या ना मायजी." तशा त्या पाटावर येऊन दाराकडे तोंड करून ताठ बसल्या. पहिला फोटो पाहिला. चेहरा सगळीकडून सारखाच उजळला होता आणि थाळीसारखा सपाट दिसत होता. मी म्हटलं, "आजी, तुळशीकडे पाहता का जरा?" तुळस दाराबाहेर डावीकडे होती. त्या तिकडे वळल्या तरी दाराकडेच होत्या. मग म्हटलं, "आता त्या कणगीकडे." कणगी आत, उजव्या हाताला. त्या हळूहळू वळायला लागल्या आणि मी पाहत राहिलो. आधी लांबचा गाल मावळला. मग कपाळावरच्या सुरकुत्या एकेक करून उठल्या, शेतात संध्याकाळच्या उन्हात तास उठून दिसतात तशा. हनुवटीवरचे गोंदणाचे तीन हिरवे ठिपके स्पष्ट झाले. लांबच्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण उरला तेव्हा मी म्हटलं, "बस, असंच." जवळच्या डोळ्यात दाराची पांढरी चौकट चमकत होती, आणि त्या चौकटीत कडेला काळ्या काडीएवढा मी.

गालावरच्या त्या त्रिकोणाला फोटोग्राफीत रेम्ब्रांटचं नाव आहे. सतराव्या शतकातला हा डच चित्रकार चेहऱ्यांवर असा उजेड रंगवायचा. म्हाताऱ्या, रेषा असलेल्या चेहऱ्याला तो फार शोभतो. लहान मूल किंवा नवी नवरी असेल तर चेहरा दाराकडे जास्त वळलेला ठेवा, उजेड सपाट आणि कोवळा राहतो. कोणाच्या एका गालावर भाजल्याचा डाग वगैरे असेल तर आधी विचारा. काहींना तो दिसायला नको असतो, तर एका काकाजींनी मला मुद्दाम तीच बाजू घ्यायला लावली.

आणखी एक फायदा दारात मिळतो. उजेड दारापासून आत झपाट्यानं कमी होतो. चेहऱ्यापुरता उजेड नीट धरला की मागचं माजघर आपोआप काळोखात जातं. मागचे डबे, दोरीवरचे कपडे, कॅलेंडर सगळं बुडतं. तरी काही उजळ दिसत असेल तर मागे घोंगडी टांगा.

५. अंगण, झाड आणि हिरवी नेट

घराबाहेर पहिली फसगत रंगाची होते. उन्हाळ्यात अंगणावर हिरवी नेट बांधायची पद्धत आता गावोगाव झाली आहे. तिच्याखाली गार वाटतं, उजेडही मऊ वाटतो, पण चेहरा हिरवा येतो. डोळा त्या रंगाला सरावतो, म्हणून काढताना कळत नाही. निळ्या ताडपत्रीचंही तेच. जवळच निळी किंवा पोपटी रंगवलेली भिंत असेल आणि तिच्यावर ऊन पडत असेल तर तो रंगही गालावर येतो. माणसाला भिंतीपासून चार-पाच पावलं पुढे घ्या.

दुसरी फसगत झाडाखाली. कडुनिंबाखाली पानांतून उन्हाचे कवडसे पडतात आणि चेहऱ्यावर पांढरे चट्टे उमटतात. सावली दाट आणि सलग हवी. आंबा, चिंच किंवा वड चांगला. मार्चमध्ये पळस फुललेला दिसला की सगळ्यांना त्याच्याखाली फोटो हवा असतो, पण तेव्हा त्याला पानं नसतात, म्हणजे सावलीही नसते. पळस मागे लांब ठेवा आणि माणसाला दुसऱ्या झाडाच्या सावलीच्या कडेशी बसवा, तोंड मोकळ्या आभाळाकडे.

वावरात काढायचं असेल तर सूर्य माणसाच्या पाठीमागे तिरपा घ्या. केसांना, पदराला उजेडाची कड येते आणि डोळे मिचकावे लागत नाहीत. चेहरा मात्र काळवंडतो, कारण आपली काळी माती आणि शेणानं सारवलेलं अंगण उजेड गिळतं, खालून परत काहीच येत नाही. इथे पुढची पायरी लागते.

६. पांढऱ्या कापडानं उजेड परतवा

दारात किंवा वावरात, चेहऱ्याची जी बाजू अंधारात आहे त्या बाजूला दोन-तीन फुटांवर पांढरी चादर किंवा थर्माकोल धरायला लावा. घरातलं कोणीही पोरगं आनंदानं धरतं. जवळ आणलं की सावली उजळते, लांब नेलं की गडद होते. सावली पूर्ण घालवू नका, नाहीतर चेहरा पुन्हा थाळी होतो. चांदीचा चमकता कागद वापरू नका. तो डोळ्यांत घुसतो, आणि मोतीबिंदू झालेल्या माणसाला फार त्रास होतो.

माणूस जमिनीवर बसला असेल तर चादर त्याच्या पुढ्यात अंथरा. हनुवटीखालची आणि डोळ्यांतली सावली हलकी होते. डोक्यावर टोपी किंवा पदर असेल तेव्हा हे केलंच पाहिजे.

आणि कापूस! वेचणी झाल्यावर घरात, ओसरीत छातीएवढा ढीग पडलेला असतो. दारातून येणारा उजेड त्यावर पडून जसा परततो तसा मी कुठल्याही चादरीवरून परतलेला पाहिला नाही. माणसाला दार आणि कापसाचा ढीग यांच्या मध्ये बसवा. कास्तकाराचा फोटो त्याच्या कापसाच्या उजेडात निघतो.

कधी उलटंही लागतं. चुना दिलेल्या छोट्या खोलीत चारही भिंती उजेड फेकतात आणि चेहऱ्याला आकार राहत नाही. तेव्हा अंधाऱ्या बाजूला घोंगडी धरा, गालाचा उतार दिसायला लागतो.

७. मोबाइल आणि कॅमेऱ्याची मांडणी

मोबाइलवाल्यांनी सगळ्यात आधी लेन्स पुसावी. तेलकट बोटं लागून निम्मे फोटो धुकट येतात.

मग ब्यूटी मोड बंद करा. हे मी हात जोडून सांगतो. तो सुरकुत्या पुसतो, गोंदण पुसतो आणि रंग गोरा करतो. माझ्या आजीचं जे झालं तेच दर फोटोत होईल.

समोरचा सेल्फी कॅमेरा नको, मागचा वापरा. अगदी जवळ जाऊन काढलं की नाक मोठं आणि कान लहान दिसतात. पाच-सहा फुटांवर उभे राहा आणि मोबाइलला दुप्पट झूमची वेगळी लेन्स असेल तर ती घ्या. नसेल तर थोडं लांबूनच काढा, नंतर कापता येतं. पोर्ट्रेट मोड मागचं धूसर करतो, पण पदराची कड आणि विस्कटलेले केस खातो. दाराच्या उजेडात मागे तसाही काळोख असतो, त्याची गरज पडत नाही.

चेहऱ्यावर बोट दाबून ठेवा, म्हणजे फोकस आणि उजेड तिथे लॉक होतो. मग बाजूला येणारी सूर्याची खूण थोडी खाली ओढा. कॅमेरा समोरचं सगळं सरासरी करड्यावर आणायला पाहतो. मागे काळोख असला की तो घाबरून सगळं उजळवतो आणि सावळा चेहरा फिकट, पांढरी टोपी नुसती पांढरीफटक येते. टोपीच्या किंवा धोतराच्या घड्या दिसतील इतकं खाली आणा. सावळा रंग सावळाच दिसला पाहिजे.

कॅमेरा असेल तर ५० मिमीची लेन्स पुरते. लेन्सचं भोक किती उघडं ते एफच्या आकड्यानं ठरतं : एकट्या माणसाला एफ २.८ ते ४, दोघं असतील तर ५.६. शटरचा वेग १/१२५ सेकंदापेक्षा हळू ठेवू नका. म्हाताऱ्या माणसांची मान किंचित हलत असते. उजेड कमी पडला तर आयएसओ (उजेड टिपायची ताकद) १६०० पर्यंत बिनधास्त वाढवा. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही. फोकस जवळच्या डोळ्यावर. व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगाचा तोल, ऑटोवरून काढून "शेड"वर ठेवला तर दारातला निळसरपणा जातो.

कॅमेऱ्याची उंची माणसाच्या डोळ्यांएवढी हवी. ते पाटावर असतील तर तुम्ही जमिनीवर मांडी घाला. वरून काढलेल्या फोटोत माणूस दीन दिसतो.

८. माणूस मोकळा कसा होईल

आपल्याकडे फोटो म्हटलं की श्वास रोखून, हात मांडीला चिकटवून बसायची सवय आहे. "हसा" म्हणू नका. मी पहिली दहा मिनिटं कॅमेरा पिशवीतून काढतच नाही. चहा घेतो, यंदा पऱ्हाटी कशी आहे, तुरीवर काय पडलं ते विचारतो. मग हातात काहीतरी देतो : कापूस, निवडायला तूर, आबाजींना त्यांची काठी. हात कामात असले की खांदे आपसूक उतरतात. बोलता बोलता थांबतात आणि कुठेतरी पाहतात, तो क्षण घ्या. दहा-बारा फोटो काढा, शंभर नको, माणूस थकतो.

चष्म्यात दार चमकत असेल तर चष्म्याच्या काड्या कानावर किंचित वर उचला, म्हणजे काच खाली झुकते. चष्मा काढून ठेवायला सांगू नका, घरच्यांना तो चेहरा ओळखीचा वाटत नाही. घामानं कपाळ चमकत असेल तर दुपट्ट्यानं टिपा, पावडर नको. नवं लुगडं नेसायचं की रोजचं हे त्यांना ठरवू द्या. बहुतेक जण नवं नेसतात. मी आधी त्यातला एक काढतो, आणि उठताना म्हणतो, "आता रोजच्यातला एक." घरचे जवळजवळ नेहमी दुसराच निवडतात.

९. जाता जाता पासपोर्ट फोटो

गावात गेलात की कोणीतरी अर्जासाठी फोटो मागणारच. तो काढून द्या, तालुक्याची एक चक्कर वाचते. पांढरी चादर ओसरीच्या भिंतीवर ताणा, माणसाला तिच्यापासून तीन फूट पुढे उभं करा, तोंड थेट मोकळ्या आभाळाकडे. इथे बाजूचा उजेड नको, दोन्ही कान आणि दोन्ही गाल सारखे उजळ हवेत. छापताना ३५ बाय ४५ मिलिमीटर.

१०. छापा, आणि हातात नेऊन द्या

मोबाइलमधला फोटो मोबाइलबरोबर हरवतो. आठ बाय दहा इंच छापायला ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) २४०० बाय ३००० पिक्सेल लागतात, म्हणजे १२ मेगापिक्सेलचा फोटो थोडा कापूनही पुरतो. दुकानात पाठवताना व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, तो दाबला जातो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा पेनड्राइव्हमध्ये न्या. दुकानदाराला स्पष्ट सांगा की चेहरा उजळ करायचा नाही, मागचं काही बदलायचं नाही. शक्य असेल तर आधी चार बाय सहाची एक प्रत काढून दारात नेऊन पाहा. मोबाइलचा पडदा स्वतः उजळतो, कागद उजळत नाही, त्यामुळे छापील फोटो नेहमी थोडा गडद येतो.

कागद मॅट, म्हणजे बिनचमकीचा घ्या. फ्रेम करताना फोटो आणि काच यांच्यामध्ये पुठ्ठ्याची किनार ठेवायला सांगा. नाहीतर पावसाळ्यात ओल धरून फोटो काचेला चिकटतो आणि काढताना चेहऱ्याची सालं निघतात. थेट ऊन पडणाऱ्या भिंतीवर लावू नका.

फ्रेमच्या मागच्या पुठ्ठ्यावर ठळक अक्षरात नाव, गाव आणि फोटो काढल्याची तारीख लिहा. बाईचा फोटो असेल तर माहेरचं गाव विचारून घ्या आणि तेही लिहा. माझ्या आजीचं माहेर कुठलं, हे शोधायला मला दोन तालुके फिरावे लागले.